चौसष्टला एक कमी

परवा डॉक्टरांनी गोळ्या लिहून देताना विचारलं, "दिवसातून तीनदा, सात दिवस, म्हणजे किती झाल्या हो?" त्यांनी ते स्वतःशीच विचारलं असणार, पण माझा उजवा हात आपोआप मांडीवर आपटला. टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट, टाळी, पालथा हात, पुन्हा टाळी, पुन्हा पालथा. एकवीस म्हणेपर्यंत ताल पुरा झाला. डॉक्टर माझ्या हाताकडे बघत राहिले. म्हणाले, "हे थरथरणं केव्हापासून आहे?" म्हटलं, "चौथ्या वर्षापासून." पुढे सगळं समजावून सांगितलं, तरी त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलंच.

आता यात माझा दोष काय? आम्ही तंजावूरचे, घरात पिढ्यान्पिढ्या मराठी बोलणारे. माझे अप्पा तंजावुरात शाळेत गणित शिकवायचे आणि घरी मृदंग. तमिळमध्ये दोन्हीला एकच शब्द, कणक्कु. शाळेतलंही कणक्कु आणि मृदंगावर बोलांची बेरीज करून समेवर येणं तेही कणक्कु. त्यामुळे आमच्या घरात दोन्हींच्या मध्ये भिंत नव्हती. तीन म्हणजे तकिट, चार म्हणजे तकधिमि, पाच म्हणजे तदिगिनतोम. मी आकडे ओळखायच्या आधी हे बोल ओळखत होते. अप्पांचा नियम असा की कोणत्याही हिशेबाचं उत्तर हाताने ताल धरून तोंडाने म्हणायचं. पाटीवर बरोबर आणि तोंडात अडखळलं, तर ते चूक. "तोंडाने म्हणता येत नाही ते कणक्कु नव्हे गे," असं ते मला रोज ऐकवत. आणि मी रोज अडखळत असे. गणित मला लगेच यायचं, पण ताल धरला की माझा हात एकीकडे आणि तोंड दुसरीकडे जायचं. शिष्य हसायचे. मला संताप यायचा. मी पाटी आपटून आत निघून जायची आणि आईकडे अर्धा मुरुक्कू, म्हणजे आमची चकली, जास्त मागायची.

आई स्वयंपाकघरात असायची, पण ओसरीवरच्या शिकवणीतलं एक अक्षर तिच्या कानातून सुटत नसे. सकाळी सहाला पहिला शिष्य आला की ओसरीवर टाळी सुरू आणि आत आईची पळी सुरू. ती सांबार ढवळायची ती अप्पांच्या तालावर. हे तिने कधी ठरवून केलं नसणार, इतकी वर्षं एका घरात राहिल्यावर हात आपला तसाच चालतो. वांग्याचं पिटलं, म्हणजे इथल्या पिठल्याचं भावंड, करताना पीठ वैरायची तेही तालात, म्हणून तिच्या पिटल्यात कधी गुठळी सापडली नाही. दुपारी मात्र ती अप्पांचं काहीच ऐकत नसे. लाकडी पल्लांगुळी काढायची, चौदा खळगे आणि मूठभर चिंचोके, आणि शेजारच्या बायकांना एकामागून एक हरवायची. कोणत्या खळग्यातून उचललं तर शेवटचा चिंचोका कुठे पडेल हे ती नुसत्या नजरेने सांगायची. तिचं शिक्षण पाचवीपर्यंत. अप्पा एकदाही तिच्याशी जिंकले नाहीत. ते म्हणायचे, "हा बायकांचा खेळ." ती म्हणायची, "होय की, म्हणून तर तुम्हाला येत नाही."

सगळ्या शिकवणीत एक चीज वेगळी होती. तिला आम्ही 'वाध्यारांची कोरवै' म्हणायचो. वाध्यार म्हणजे अप्पांचे गुरू. मी त्यांना फोटोतच पाहिलं. कोरवै म्हणजे शेवटी समेवर येण्यासाठी रचलेली बोलांची बांधणी. आधी काही तुकडे, मग एकच तुकडा तीनदा, मध्ये थोडे थांबे, आणि शेवटचं 'तोम' संपलं की लगेच सम. वाध्यारांची ही कोरवै मंचावर वाजवायची नाही, ती फक्त त्यांच्या पुण्यतिथीला तिरुवैयारुत कावेरीकाठच्या मंडपात सगळ्या शिष्यांनी मिळून तोंडाने म्हणायची. अप्पा ताल धरणार, बाकीचे त्यांच्या हाताकडे बघून म्हणणार. घरी वर्षभर तिची तालीम चालायची. आणि ती सुरू झाली की शेवटी शेवटी आईची पळी अडखळायची. पातेल्याच्या कडेला ठक्क असा आवाज यायचा. मला वाटायचं, तिथे पातेल्याला पोचा असेल.

मग ते दिवस आले जेव्हा आमच्या गावातही रोज काहीतरी नवं उघडायला लागलं. पिवळ्या पाटीचे फोनचे बूथ आले. जुन्या बस स्टँडजवळ माडीवर एक कम्प्युटर सेंटर निघालं, तिथे चपला बाहेर काढून आत जायचं आणि आत देवळापेक्षा गार असायचं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गातल्या आम्ही तिघी दारातून नुसत्या डोकावून आलो तर दोन दिवस त्याच्याच गोष्टी करत होतो. आणि त्या वर्षीच्या सुट्टीत रघूमामा बेंगळूरहून आले. आईचे धाकटे भाऊ, टेलिफोनच्या कारखान्यात कामाला, यंत्रांचे भारी वेडे. येताना त्यांनी दोन खोकी आणली. एक माझ्यासाठी आणि एक अप्पांसाठी.

माझ्या खोक्यात प्रोग्रॅम लिहिता येणारा कॅल्क्युलेटर होता. मामांच्या एका मित्राने सिंगापूरहून आणलेला, एका बाजूला आकडे आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी अक्षरं. पडदा जेमतेम दोन बोटं उंच, त्यावर एकच ओळ. पण त्या एका ओळीत मी जे पाहिलं ते सांगून कळणार नाही. एक काम त्याला शिकवायचं आणि मग ते आपल्याला कंटाळा येईपर्यंत करत राहायचं! पहिल्या दिवशी मी त्याला मूळ संख्या ओळखायला शिकवलं. मग काय, मी घराघराचे नंबर तपासत रस्त्याने हिंडले. आमचं घर विभाज्य निघालं, समोरच्या शिंप्याचं मूळ. शिंप्याला जाऊन सांगितलं तर त्याने विचारलं, "चांगलं की वाईट?" म्हटलं, "फार चांगलं." त्याने दारावरचा नंबर लाल रंगाने पुन्हा रंगवून घेतला. टाऊन बसचे नंबर, शेजाऱ्यांच्या स्कूटरी, काही म्हणून सोडलं नाही. जेवताना ताटाशेजारी ते यंत्र असायचं, आणि आई म्हणायची, "त्यालाही वाढू का गे चार घास?"

अप्पांच्या खोक्यात तालयंत्र होतं. पावाच्या लादीएवढा डबा, समोर दोन खुंट्या, एक वेगाची आणि एक आवाजाची. समेला 'टिंग' आणि बाकीच्या ठोक्यांना 'टिक'. मामांचा हेतू चांगला होता. यंदा पुण्यतिथीला वीस शिष्य येणार, सगळ्यांना एका तालात धरायला सोपं पडेल. अप्पांनी ते नाक मुरडूनच लावलं. आठ ठोक्यांचा आदिताल लावला, साध्या चार गोष्टी म्हणून पाहिल्या, सगळ्या चोख बसल्या. मग त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "बरं आहे की." आणि त्यांनी वाध्यारांची कोरवै सुरू केली. ती संपली, अप्पांनी समेची टाळी दिली, आणि त्यांच्या टाळीच्या नंतर, चहाचा घोट गिळायला लागेल इतक्या वेळाने डबा म्हणाला, 'टिंग'.

"उशीर करतंय," अप्पा म्हणाले. पुन्हा म्हटली. पुन्हा उशीर. दुसऱ्या दिवशी ते डबा सायकलच्या कॅरियरला बांधून सेल्वमच्या दुकानात घेऊन गेले. सेल्वम रेडिओ दुरुस्त करायचा आणि शाळेत अप्पांचाच विद्यार्थी होता, म्हणजे त्याने गणितात मार किती खाल्ला असेल ते सोडा. त्याने डबा उघडला, तारा पाहिल्या, हातातल्या घड्याळाशी पाच मिनिटं लावून बघितला. "सार, बरोबर चालतंय." अप्पा घरी आले, कोरवै म्हटली, उशीर. तिसऱ्या दिवशी पुन्हा सेल्वम. चौथ्या दिवशी पुन्हा. शेवटी तो काकुळतीला येऊन म्हणाला, "सार, एकाच कोरवैला उशीर करतं आणि बाकी वेळ बरोबर चालतं, असं यंत्र मी कुठून दुरुस्त करू?" अप्पांनी डबा घरी आणून फळीवर ठेवून दिला आणि त्यावर पंचांग ठेवलं. आईने मात्र तो दुपारी खाली काढला आणि हलवा ढवळायला वापरला. म्हणाली, "याचा हात कोठेच धावत नाही गे, छान आहे." मला तेव्हा ते वाक्य कळलं नाही.

त्याच आठवड्यात माझा तिरुच्चीचा अर्ज आला. कम्प्युटरचा तीन वर्षांचा अभ्यास, होस्टेलात राहून. मला तो हवा होता, अगदी जीव जाईल इतका हवा होता. अर्जावर वडिलांची सही लागणार होती आणि सोमवारपर्यंत तो तिरुच्चीला पोचायला हवा होता. मी अर्ज अप्पांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, मागचं पानही वाचलं. मग म्हणाले, "कमू, गणित शिक. एम.एस्सी. कर, इथेच, घरून. हे यंत्रांचं काय? ज्याला साधी एक सम धरता येत नाही त्याला कणक्कु काय येणार?"

"ते वेगळं यंत्र आणि हे वेगळं, अप्पा!"

"यंत्र ते यंत्र. मी बोललो ते ऐक. ज्या दिवशी तुझं यंत्र मला ठाऊक नसलेलं एक कणक्कु सांगेल, त्या दिवशी सही करतो."

मी पाय आपटत आत गेले. पण गेल्या गेल्या हातपाय शांत झाले, कारण अप्पांनी शब्द दिला होता आणि अप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आता मला नवी कोरवै शोधायची होती, अप्पांनी कधी न ऐकलेली. मी यंत्राला शिकवायला बसले: इतके तुकडे, इतके थांबे, आदितालाच्या प्रत्येक ठोक्यात चार मात्रा, दोन आवर्तनं म्हणजे चौसष्ट मात्रा, शोध. आणि प्रोग्रॅम नीट चालतो की नाही हे बघायला आधी एखादी खात्रीची कोरवै घालून पाहावी म्हणून मी वाध्यारांची घातली. तिच्यापेक्षा खात्रीची दुसरी कोणती? नऊ, सात, पाच. मग तेराचा तुकडा तीनदा. आणि एकेका मात्रेचे चार थांबे, प्रत्येक भागानंतर एक. एकवीस, एकोणचाळीस आणि चार. चौसष्ट. तोंडी बेरीज तर बरोबर होती. मी बटण दाबलं.

पडद्यावर आलं, ६३.

मी म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं. दोन तास मी तो प्रोग्रॅम तपासला, ओळ न् ओळ. पुसून पुन्हा लिहिला. सेल्वमकडे घेऊन जावं असंही एकदा मनात आलं, खोटं कशाला बोलू. पुन्हा ६३. मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि फळीकडे लक्ष गेलं. फळीवर आईचे मसाल्याचे चार डबे ओळीत होते. धणे, मिरची, हरभरा डाळ, हिंग. मी त्यांच्यामधल्या फटी मोजल्या. तीन! चार भाग असले तर त्यांच्यामध्ये थांबे तीनच बसतात. चौथा थांबा शेवटच्या डब्याच्या पलीकडे पडतो, आणि तिथे कुणी थांबतच नाही, कारण 'तोम' म्हटलं की लगेच सम. मी यंत्राला 'शेवटच्या तोमपर्यंत मोज' असं सांगितलं होतं, ते प्रामाणिकपणे तिथपर्यंत मोजत होतं. आम्ही सगळे वर्षानुवर्षं चार थांबे आहेत असं धरून तीनच घेत होतो. एक मात्रा कमी पडत होती, आणि ताल धरणारा हातही आपलाच, म्हणून तो शेवटी शेवटी घाई करून तोंडाला गाठायचा. तालयंत्राला घाई करणं ठाऊक नव्हतं.

मी तिथेच पाटावर बसले. काय करावं ते सुचेना. अप्पांना ठाऊक नसलेलं कणक्कु माझ्या हातात होतं आणि ते असं! त्यांच्या गुरूची ठेव चुकीची आहे, हे मी सांगायचं? सांगितलं तर ते सही तर करणार नाहीतच, माझं तोंडही बघणार नाहीत. नाही सांगितलं तर रविवारी पुण्यतिथीला तिरुवैयारुत वीस जणांसमोर मामा तो डबा हौसेने लावणार. मामांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. मी आईला सगळं सांगितलं. तिने सांबारावरचं झाकण काढलं, फोडणी ओतली, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "वीस वर्षं झाली गे. तिथे आलं की यांचा हात धावतो. माझी पळी तिथेच अडते."

"मग तू कधी सांगितलं नाहीस?"

"मज काय ठाऊक ते कणक्कु आहे म्हणून? मज वाटलं, ती भक्ती आहे."

दुपारी अप्पा झोपून उठले, कॉफी झाली, आणि मी चौकात त्यांच्यापुढे जाऊन बसले.  यंत्र मुद्दाम आतच ठेवलं. डब्यांची गोष्ट सांगितली, फटींची सांगितली. ते ऐकत होते. मी 'त्रेसष्ट' म्हटल्यावर त्यांनी पेला खाली ठेवला. "वाध्यारांना तू चूक म्हणतेस?" इतकंच बोलले आणि उठून गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना आईमार्फत ताक मागायचे. वांग्याचं पिटलं केलं होतं, तर त्यांनी पहिला भातही पुरता खाल्ला नाही, आणि पिटलं सोडून उठणारे अप्पा मी जन्मात पाहिले नव्हते. मी उशीत तोंड खुपसून रडले. सहीपायी रडले असं तेव्हा मला वाटत होतं.

शनिवारी सकाळी आईची पल्लांगुळी जागेवर नव्हती. चौकात जाऊन बघते तर अप्पा जमिनीवर मांडी घालून बसलेले, पाठ माझ्याकडे, आणि पुढे फरशीवर चिंचोके मांडलेले. खडूच्या रेघांनी आठ-आठची घरं पाडून घेतली होती. ते पुटपुटत एकेक चिंचोका ठेवत होते. नऊ, सात, पाच, थांबा. तेरा, थांबा. शेवटच्या घरात सात चिंचोके होते आणि एक जागा रिकामी. त्यांनी ते सगळे गोळा केले आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागले. आवाज न करता मी मागे फिरले.

रविवारी आम्ही सकाळच्या बसने तिरुवैयारुला गेलो. दोन्ही बाजूंना भाताची शेतं, कालव्यांना भरपूर पाणी, मामा मांडीवर डबा घेऊन सगळ्यांना त्याचं कौतुक सांगत होते. अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. मंडपात वाध्यारांच्या फोटोला हार घातला, हरभऱ्याचं सुंडल वाटून झालं, वीस शिष्य ओळीत बसले. सगळ्यांत थोरले गणेसन, त्यांना तर नातवंडं होती. मी आईच्या मागे, खांबाला टेकून. मामांनी डबा मध्ये ठेवला आणि खुंटी फिरवली. टिंग, टिक, टिक, टिक. आता अप्पा ताल धरणार, म्हणून सगळ्यांनी हात उचलले.

अप्पांनी हात उचलला नाही. ते म्हणाले, "थांबा. आधी एक सांगायचं आहे. चाळीस वर्षं मी ही कोरवै तुम्हाला एक मात्रा कमी शिकवली. वाध्यारांनी बरोबर दिली असेल, माझ्या लक्षात चुकली असेल. चूक माझीच धरा. शाळेत मी पोरांच्या सगळ्या बेरजा तपासतो, पण याची बेरीज मी कधी केलीच नाही. गुरूचं कोण मोजतो?"

 गणेसन काहीतरी बोलायला गेले, अप्पांनी हाताने त्यांना थांबवलं. "माझ्या पोरीने मोजलं. कमू, ये गे इकडे. बरोबर कशी ती म्हणून दाखव."

अय्यो!  बरोबर कशी ते मला ठाऊक होतं. यंत्राने तेही शोधून दिलं होतं आणि फार सुंदर शोधलं होतं. बोल सगळे तेच, चार मात्रांचा थांबाही तेवढाच. फक्त नऊ-सात-पाचनंतर थांबायचं नाही, थेट तेराला जायचं, आणि तेराच्या तीन तुकड्यांमध्ये दोन-दोन मात्रांचे दोन थांबे. एकवीस, एकोणचाळीस, चार. शेवटच्या तोमपलीकडे काही पडत नाही. पण कागदावर दाखवणं वेगळं आणि म्हणणं वेगळं! ज्या पोरीला सातचा पाढा तालात धड म्हणता येत नाही ती वीस मृदंगवाल्यांपुढे काय म्हणणार? मी म्हटलं, "अप्पा, मी लिहून देते, तुम्ही म्हणा."

"तोंडाने म्हणता येत नाही ते कणक्कु नव्हे," अप्पा म्हणाले. पण या वेळी ते हसत होते. तीन दिवसांनी प्रथमच.

आईने मला मागून ढकललं, अगदी कोपराने. मी मध्ये जाऊन बसले. डबा टिकटिक करत होता. हात उचलला. तेवढ्यात अप्पांनी माझ्यासमोर बसून स्वतःचा हात मांडीवर ठेवला आणि डब्याबरोबर ताल धरायला लागले, टाळी, करंगळी, अनामिका, आणि मान हलवून म्हणाले, माझ्या हाताकडे बघ. मी त्यांच्या हाताकडे बघितलं आणि समेवर सुरुवात केली. नऊ गेले, सात गेले, पाच गेले. थांबायचा मोह झाला, तिथे जन्मभर थांबले होते, पण गेले पुढे. तकधिमि तकधिमि तदिगिनतोम. थांबा, दोन. दुसऱ्यांदा. थांबा, दोन. अप्पांचा हात या वेळी धावत नव्हता, डब्याबरोबर सरळ चालला होता. तिसऱ्यांदा, तदिगिनतोम, आणि माझी टाळी, अप्पांची टाळी आणि डब्याचं 'टिंग' एकदम पडलं.

गणेसन ओरडले, "आहा!" मग जो तो ओरडला. मामांनी डबा उचलून कडेवर घेतला. अप्पा हसायला लागले ते थांबेनात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "सेल्वमची माफी मागायला हवी," म्हणाले. मग वीसही जणांनी ती कोरवै म्हटली, सात वेळा म्हटली, सातव्या वेळी डबा बंद करून म्हटली. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. नंतर अप्पांनी खिशातून अर्ज काढला. म्हणजे तो तीन दिवस त्यांच्याच खिशात होता! गणेसनांचा मृदंग मांडीवर आडवा घेतला आणि त्याच्या खोडावर कागद ठेवून सही केली. सही जरा वाकडी आली आहे. कॉलेजातल्या कारकुनाने पुढे विचारलंही, की हे गाडीत बसून केलं का.

मी तिरुच्चीला गेले, शिकले, तिथून पुढे लग्न होऊन पुण्याला आले. मराठी वाचायला मी इथे तिशीत शिकले, दुकानांच्या पाट्या वाचून, आणि माझ्या 'गे'वर नवरा अजून हसतो. यंत्रांच्या संगतीत माझा सगळा जन्म गेला. हजारो ओळी लिहिल्या असतील आणि त्यांतल्या कित्येक चुका अशाच फटी मोजायला चुकल्याच्या होत्या. मामांचा कॅल्क्युलेटर अजून टेबलाच्या खणात आहे, पडद्याची डावी कड काळी पडली आहे, आठ तीनसारखा दिसतो. टाकवत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या सोमवारचं. अर्ज घेऊन सकाळच्या बसने तिरुच्चीला जायचं म्हणून मी लवकर उठून वेणी घालत होते. ओसरीवर पहिला शिष्य आला, अप्पांनी ताल धरला आणि नवी कोरवै सुरू केली. आत आई सांबार ढवळत होती. नऊ, सात, पाच, मग तेरा, मग तेरा. मी कंगवा हातात धरून कान देऊन उभी राहिले. शेवटचा तेरा आला, ते ठिकाण आलं, समेची टाळी पडली, आणि पातेल्यातली पळी न अडता गोल फिरत राहिली. आईने आतून जोरात, ओसरीवर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आज बरं वाटलं बाई ढवळायला." ओसरीवरचा ताल क्षणभर थांबला. मग अप्पा म्हणाले, "वीस वर्षं ठाऊक होतं म्हणे हिला," आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.